पावण्याच्या टायरवाल्या वयनी

वयनी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी त्याच्या गाडीची चाकं बघायच्या. गाडी येऊन उभी राहिली की त्या उकिडव्या बसायच्या, पुढच्या टायरवरून तळहात फिरवायच्या, मग मागच्या, आणि तेवढ्यात चालवणाऱ्याची अख्खी कुंडली त्यांच्या हातात आलेली असायची. टायर मधोमध झिजलेला असेल तर हा हवा जास्त मारतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर आळशी आहे, महिना महिना हवा बघत नाही. एकाच अंगाला झिजलेला असेल तर कुठंतरी खड्ड्यात आदळलाय आणि मालकाला सांगितलेलं नाही. एवढं झालं की मग मान वर करून म्हणायच्या, "हां, बोल, भाव."

माझी कुंडली त्यांनी पहिल्याच दिवशी मांडली. अठ्ठ्याहत्तर साल असेल. मी परभणीकडून नुकताच आलेला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पावणे गावातल्या एका रसायनाच्या कारखान्यात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. नवी नोकरी, नवे खाकी कपडे आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पंक्चर काढायला गाडी लावली, तर ही बाई माझ्याकडे न बघता टायरलाच सांगायला लागली, "तापट हाय मानूस. ब्रेक पायानं नाय मारत, लाथेनं मारतंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "बाई, पंक्चर काढा, ज्योतिष सांगू नका."

"आयकलास?" त्या पुन्हा टायरलाच म्हणाल्या आणि पान्हा घेऊन कामाला लागल्या. बोललो असतो तर त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दिवसांत मी गावात भाड्याची खोली शोधत होतो. दारात उभं राहिलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच दिलेली असायची. मी पण हट्टी, आडनाव खणखणीत सांगायचो. वयनींनी मला चार वर्षं आडनाव विचारलं नाही. त्या पंक्चरनंतर चौथ्याच दिवशी त्यांनीच त्यांच्या घरामागची पडवी मला दिली, आणि शेजारणीनं कुजबूज केली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हवा येलेवर भरतं त्यो. मना तेवरा पुरं."

वयनी म्हणजे वहिनी, आणि भाव म्हणजे भाऊ. तिथल्या आगरी बोलीत तसंच म्हणतात. मूळच्या त्या मिठागरात राबणाऱ्या. खाडीकाठची जमीन गेली, कारखाने आले, आणि नवऱ्यानं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर टाकून टायरचं दुकान काढलं. तीन वर्षांत तो काविळीनं गेला. पदरात दोन वर्षांची सुमन. दीर म्हणाला, दुकान भाड्यानं देऊन टाक. वयनींनी तेराव्यानंतर लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि टायर उचकटायची पहार स्वतःच हातात घेतली. ट्रकवाले लांबून हसत जायचे. मग एकदा कुणा ट्रकवाल्याचा नट निघेना, तो वयनींनी पान्ह्यावर उभं राहून काढला, आणि हसणं त्या आठवड्यात बंद झालं.

मोजमाप त्या बोटांनी करायच्या. मिठागरात कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी बोटानं मोजतात, बोटभर जास्त झालं तर मीठ नीट बसत नाही. तीच सवय त्यांनी टायरला लावली. रस्त्यापासून लोखंडी रिमपर्यंत रबराची जी उभी बाजू असते, तिला त्या गाल म्हणायच्या. गालावर आडवी बोटं ठेवून सांगायच्या, "आठ बोटं. पाहिजेत सात." टेप लावून बघणारे कितीतरी शहाणे मी त्यांच्यासमोर गप झालेले पाहिले आहेत. मीही लावून बघितला होता. नंतर तो टेप मी घरी पडदे मोजायला नेला.

गाडी कशी चालते हे मला वाहतूक खात्यानं शिकवलं नाही, वयनींनी शिकवलं. "गारी रस्त्याला कितींदा शिवते?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, चार चाकं, चारदा. "आन किती शिवते? येकेक पंजा. चार पंज्यांवर तुझा सायब, तू, आन तुझा राग. बाकी सगला देखावा." असं म्हणून त्यांनी काळा तळहात माझ्यापुढं धरला. त्या दिवसापासून वळण आलं की मला तो पंजा आठवतो आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप सुटतो.

गाल उंच असला तर गाडी गादीवर बसल्यासारखी जाते, खड्डा कळत नाही. पण वळणावर तोच गाल आधी दुमडतो, गाडी क्षणभर मागं राहते, तुम्ही स्टेअरिंग फिरवून मोकळे होता आणि ती अजून विचारच करत असते. गाल बुटका असला तर हात हलवला की गाडी वळते, मोठी आज्ञाधारक. पण मग रस्त्यातला प्रत्येक दगड तुमच्या मणक्याला येऊन भेटतो. हे ज्ञान आता कुणीही देईल. वयनी ते देत होत्या तेव्हा आमच्या कारखान्यातले इंजिनिअरसुद्धा टायर म्हणजे काळा आणि गोल एवढंच ओळखत होते.

एका शेठनं बाहेरदेशातून रुंद रिमा आणि पसरट, बुटक्या गालाचे टायर मागवले होते. गाडी नवी नवरी दिसत होती. वयनी दोन बोटं गालावर ठेवून म्हणाल्या, "टायर चांगला हाय, शेठ. शान्या रस्त्याचा हाय. आपला रस्ता येरा हाय." वेड्या रस्त्याचं ऐकून शेठ हसले. पंधरा दिवसांनी तुर्भ्याच्या खड्ड्यात रिम वाकवून परत आले. मी मुद्दाम थांबलो होतो, म्हटलं आता वयनी चार शब्द सुनावतील. त्यांनी हातोडा घेतला, रिम ठोकून सरळ केली, आणि म्हणाल्या, "व्हतं असा." बस. मी असतो तर शेठला ठाण्यापर्यंत ऐकवत गेलो असतो.

इतकं सगळं कळणाऱ्या वयनींना गाडी मात्र चालवता येत नव्हती. त्या मागच्या सीटवर, चाकाच्या बरोबर वर, मांडी घालून बसायच्या आणि डोळे मिटायच्या. मी गाडी फिरवून आणायचो. "म्होरं बसनाऱ्याला गारी दिसते," त्या म्हणायच्या, "मागं बसनाऱ्याला कलते." उतरताना कुठल्या चाकात किती हवा हवी ते सांगायच्या.

वयनींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण काढली की मला आठवतं ते सुमनचं लग्न.

सुमन दहावी झालेली, देखणी, बोलायला नेमकी. तिची दोन स्थळं नुसत्या एका कारणावरून मोडली होती. मुलीची आई रस्त्यावर बसून टायर काढते. दुसऱ्या वेळी तर तसा निरोपच आला होता. मी पडवीतून बघितलं, वयनी नळावर बराच वेळ हात घासत होत्या. रॉकेल, साबण, राख. नखांतलं काळं जात नव्हतं.

तिसरं स्थळ उरणकडून आलं, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याच्या गावातून. मुलगा चांगला, बंदराच्या कामावर लागलेला. वडील नव्हते, सगळा कारभार थोरल्या भावाकडं, दत्ताकडं. दत्तानं होकार दिला आणि जाता जाता एक अट घातली. "लग्नात टायरचा इषय नको. आमचे पावने येतील, त्यांना आमी काय सांगू?" वयनींनी होय म्हणून मान हलवली. मला इतका राग आला की मी उठून उभाच राहिलो. वयनींनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

लग्न पावण्यातच, भर दुपारी लागलं. वयनी विधवा, म्हणून विधी दीर-जावेनं केले. वयनी मांडवाच्या कडेला, खांबाशी. अंगावर नवं लुगडं, हात पदराखाली. सगळं छान झालं. जेवणं झाली, मानपान झाला, चारच्या सुमारास नवरीला न्यायची गाडी मांडवापुढं येऊन लागली.

गाडी पांढरी, झेंडूनं मढवलेली, आणि तिचं बूड हे एवढं उंच. म्हणजे गाडी पुढं वाकून सगळ्या मांडवाला नमस्कार करत होती. दत्तानं मागं जीपची चाकं बसवली होती. नवरदेव उंचावर दिसला पाहिजे, घोड्यावर असतो तसा, हा त्याचा हिशेब. शिवाय त्यांच्या गावी उधाणाला पाणी रस्त्यावर येतं, तेही लागणार नाही. चारही चाकं मोठी घालायची होती, पण पुढची वळताना पत्र्याला घासायला लागली, म्हणून मग नुसती मागं. वऱ्हाडी मंडळी कौतुकानं बघत होती. आमच्या गावातलेही म्हणत होते, काय थाट आहे.

मी वयनींकडं बघितलं. त्या माझ्याशेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. "तीन बोटं वर हाय," त्या हळू म्हणाल्या. "आन गाल बग. कवरा मऊ. हवा बी नाय पुरी."

वर कॅरिअरवर रुखवताची भांडी, गाद्या, एक लोखंडी कपाट. आत पाच-सहा माणसं. आणि पुढं उरणचा रस्ता, खाडीतल्या बांधावरून जाणारा, दोन्ही बाजूंना पाणी आणि वळणावर वळणं. पुढं काय होणार ते मला सगळं एका क्षणात दिसलं. मी बाह्या सरसावल्या. "मी सांगतो त्या दत्ताला."

वयनींनी माझं मनगट धरलं. "तू बोललास का भांडन व्हईल. भांडन झाला का वरात रिकामी जाईल. तिसरा हाय, भाव."

मी त्यांचा चेहरा बघत होतो. सुमन गाडीकडं निघाली होती, जाऊबाई तिला धरून चालल्या होत्या. गप बसलं तर मुलगी त्या मागच्या सीटवर जाणार. बोललं तर मुलगी पुन्हा घरी येणार, आणि या वेळी हळद लागलेली, अक्षता पडलेली. मुलीच्या आईनं मुलाकडच्यांच्या गाडीला नाव ठेवायचं, तेही निघायच्या वेळी, हे आमच्याकडं काय आणि त्यांच्याकडं काय, कुणीच सहन करत नाही.

वयनी पुढं गेल्या. दत्तासमोर उभ्या राहिल्या. हात पदराखालीच होते, पण आवाज दुकानातला होता.

"दत्ताभाव, पोरीची आय म्हनून मी सकालपासून गप हाय. आताबी गप हाय. पन टायरवाली म्हनून येक बोलते. या चाकांवर गारी बांधावरून जायची नाय."

दत्ताचा चेहरा लालबुंद झाला. "आमी काय सांगितला व्हता तुमाला?"

"सांगितला व्हता. मी कबूल बी केला व्हता. मोडला मी. आता येक कर. पोरीला बसवायच्या आधी मना बसव. समोरच्या पटांगनात दोन फेऱ्या मार, रोज मारतस तशा. काय नाय झाला तर सगल्यांसमोर तुझे पाय धरते."

दत्ताला नाही म्हणता येईना. चार माणसांत त्याच्या गाडीची परीक्षा मागितली होती, आणि त्याच्या घरचीच सगळी बघत होती. वयनी मागं बसल्या, चाकावर. मी न विचारता त्यांच्या शेजारी बसलो. दत्ताचे दोन मित्र पुढं. समोर एका कारखान्यासाठी सपाट केलेली मुरमाची मोकळी जागा होती.

पहिली फेरी दत्तानं जपून मारली. वयनी म्हणाल्या, "अशी नाय. घरचे बोलवतात तवा बांधावरून मारतस तशी." दत्ता चिडला. दुसऱ्या फेरीला त्यानं पाय दिला. वळण घेतलं आणि गाडीचं ढुंगण हलायला लागलं. आधी थोडं, मग जास्त. खालचे ते मऊ गाल एकदा इकडं दुमडले, एकदा तिकडं. वर कपाट डुललं. दत्तानं घाबरून ब्रेक मारला, मागची बाजू पुढं यायला निघाली, गाडी आडवी घसरत गेली आणि खडीच्या ढिगाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. वयनींनी डोळे मिटलेले होते.

"काटा किती व्हता?" त्यांनी विचारलं.

"तीस," दत्ता म्हणाला.

"काटा बी कमीच सांगतो तुना. चाक मोठा केलास, येका फेऱ्यात जास्त वाट तुरवतं, काट्याला त्ये ठाव नाय." मग अगदी हळू म्हणाल्या, "मी पोरीला खाली उभी केली, म्हनून मना भ्या वाटला नाय."

दत्तानं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, आता बोला वयनी, आता घ्या त्याचा समाचार. दोन स्थळांचं, त्या अटीचं, सगळं आता बाहेर येऊ द्या. गाडी हळूहळू मांडवापाशी आली. दत्ताकडची एक म्हातारी कडाडली, "काय झाला रं? आपल्या गारीला नावं ठेवली का?"

वयनी खाली उतरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दत्ताभावाची नजर बगा. त्यानंच वलखला. मना म्हनतो, वयनी, लांब जायचा हाय, चाकं बदलून द्या."

मी थक्क झालो, आणि खरं सांगायचं तर चिडलोसुद्धा. ढळढळीत खोटं. त्या रात्री... नाही, त्या क्षणी मला कळलं नाही, पुष्कळ वर्षांनी कळलं, की मुलगी ज्या घरात जन्म काढणार आहे त्या घरातल्या कर्त्या माणसाची मान त्यांनी खाली जाऊ दिली नव्हती. असलं शहाणपण माझ्या स्वभावात नाही. मी फक्त ते बघितलं आहे, आणि बघितलं याचाच मला अभिमान आहे.

दुकानातून मी आणि आणखी एकानं मापाची दोन चाकं गडगडत आणली. वयनींनी नव्या लुगड्याचा काष्टा खोचला, जॅक लावला आणि मुलीच्या लग्नाच्या मांडवापुढं, दोन्हीकडच्या पाहुण्यांदेखत, उकिडव्या बसल्या. थोड्या वेळानं दत्ता शेजारी येऊन बसला. नट त्याच्या धुवट सदऱ्याच्या ओच्यात गोळा करायला लागला. मग नवरदेव मांडवातून पुढं आला, मुंडावळ्या कानामागं सारून त्यानं जीपचं चाक ओढून बाजूला नेलं. कुणी हसलं नाही. पावण्यातल्या बायका माना उंच करून बघत होत्या, जणू ते चाक त्यांच्यातल्या प्रत्येकीनंच बसवलं होतं.

शेवटचा नट आवळून वयनी उठल्या तेव्हा हात कोपरापर्यंत काळे झाले होते. निरोपाची वेळ झाली. सुमन समोर आली आणि वयनींनी दोन्ही हात पाठीमागं नेले. मुलीचा शालू पिवळाधमक, त्याला हात कसा लावायचा. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पुसायलाही हात पुढं येत नव्हते. "नीट ऱ्हा," एवढंच म्हणाल्या.

सुमननं वाकून नमस्कार केला. उठली आणि आईच्या पाठीमागं हात घालून तिचा उजवा हात ओढून पुढं आणला. वयनी नको नको म्हणत होत्या. सुमननं तो हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि वरून आपल्या हातानं दाबून धरला. पिवळ्या शालूवर पाच बोटं उमटली.

मघाची म्हातारी पुढं झाली. "अगो बाय, नव्या शालूला यो काला कसला लागला?"

सुमननं पदर सावरला नाही. सगळा मांडव ऐकेल अशा आवाजात ती म्हणाली, "माझी आय टायरचा काम करते. तिचा हात लागलाय."

आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली. दत्तानं दार लावलं. गाडी निघाली तेव्हा वयनींनी पाठीमागचा दुसरा हातही पुढं आणला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते दोन्ही काळे हात सगळ्यांसमोर उंच धरून त्या उभ्या होत्या.